तीन नळ्या रक्त आणि पुढच्या दहा वर्षांचा अंदाज

मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत दंडाला पट्टा बांधून तीन नळ्या भरायला दोन-तीन मिनिटं पुरतात. त्या नळ्यांवरून किडनी, हृदय आणि यकृताचं पुढे काय होण्याची शक्यता आहे, हे ताडायचं असतं. हा अंदाज चुकतो तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. नमुना नको त्या वेळी घेतलेला असतो, नळी टेबलावर पडून राहिलेली असते, किंवा आकडा बरोबर असूनही तो एकटाच वाचलेला असतो. आम्ही रक्त घेण्यापासून रिपोर्ट वाचेपर्यंतची सगळी कामं करतो, म्हणून इथेही त्याच क्रमाने जाऊ.

सुरुवात आदल्या दिवसापासून. ताप, लघवीचा संसर्ग किंवा दाताला पू झालेला असेल तर तपासणी दोन आठवडे पुढे ढकलतो. नाहीतर लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी) दोन्ही उगाच वाढलेले येतात. जोरदार व्यायाम चोवीस तास बंद. आदल्या रात्री मटणाचं भरपेट जेवण झालं असेल तर क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो स्नायूंतला कचरा) थोडं चढतं, कारण शिजवलेल्या मांसातूनच ते तयार शरीरात येतं. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेणारे बरेच असतात आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण ते 'औषध' वाटतच नाही. काही यंत्रांच्या रसायनात बायोटिनच वापरलेलं असतं. अशा यंत्रावर ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी हे हृदयाचे आणि टीएसएच हा थायरॉइडचा, हे आकडे खोटे कमी येऊ शकतात. त्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवायच्या. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत. रोजच्या औषधावर असतानाचाच आकडा हवा असतो.

उपाशी राहण्याबद्दल फार गोंधळ आहे. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन, सिस्टॅटिन-सी (किडनीचंच आणखी एक माप), लघवीतलं अल्ब्युमिन यांतल्या कशालाच उपास लागत नाही. तो लागतो उपाशीपोटीच्या साखरेला आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) नेमकं मोजायचं असेल तर. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या माणसाला दुपारी बारापर्यंत उपाशी बसवणं धोक्याचं आहे. त्यांना पहिला नंबर द्यावा आणि सकाळचं जेवणाआधीचं इन्शुलिन किंवा गोळी रक्त दिल्यावर, नाश्त्याच्या वेळी घ्यायला सांगावं. पाणी प्यायला हरकत नाही, उलट शीर नीट सापडते.

नळ्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी पिवळ्या टोपणाची जेलची, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळ्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. ती आधी भरली आणि त्यातला अंश पिवळ्या नळीत गेला, तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. पट्टा एका मिनिटाच्या वर ठेवायचा नाही आणि 'मूठ उघड-बंद करा' सांगायची जुनी सवय सोडायची, त्यानेही पोटॅशियम चढतं. जांभळी नळी भरल्या भरल्या आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची. खळखळून हलवली तर पेशी फुटतात, न हलवता ठेवली तर बारीक गुठळ्या होतात. पिवळ्या नळीतलं रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, मगच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं.

साखरेची नळी पडून राहिली तर सगळ्यात जास्त नुकसान करते. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. १२६ ची साखर दोन तासांत १११च्या आसपास येते, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस 'पूर्वमधुमेही' ठरतो. राखाडी नळीतलं फ्लोराइड ही गळती थांबवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायलाच तास-दोन तास जातात. त्यामुळे नळी बर्फात ठेवून लवकरात लवकर फिरवणं हाच उपाय. एचबीएवनसीच्या बाबतीत एवढी घाई नसते. जांभळी नळी फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर आठवडाभर चांगली राहते.

आता आकडे. 'तीन महिन्यांची साखर' म्हणून ओळखला जाणारा एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला कायमची चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पण ही सरासरी समान नसते. जवळपास निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. तपासणीआधी महिनाभर पथ्य पाळणाऱ्याचा आकडा त्यामुळेच प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. सरासरी साखर काढायची तर आकड्याला २८.७ ने गुणून ४६.७ वजा करायचे: ७ टक्के म्हणजे १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी आणि ही सरासरी यांत मोठी तफावत दिसली, की आम्ही आधी पेशंटच्या वहीवर संशय घेत नाही, हिमोग्लोबिन बघतो.

कारण हा आकडा साखरेइतकाच लाल पेशीच्या आयुष्यावर अवलंबून आहे. पेशी लवकर मरत असतील (रक्तविघटन, नुकताच झालेला रक्तस्राव, डॅप्सोन, एरिथ्रोपॉइटिनची इंजेक्शनं, गरोदरपण) तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर काही हिमोग्लोबिन दुसऱ्याचंच असतं. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर जुन्या पेशी जास्त वेळ फिरत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. यातून एक गमतीची पण फसवी स्थिती तयार होते: लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर एचबीएवनसी खाली येतो आणि सगळे मधुमेह सुधारला म्हणून खूश होतात. साखर जिथल्या तिथेच असते.

एचपीएलसी यंत्रावर (ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतं) नमुना चालवला तर आकड्याबरोबर आलेखही मिळतो, आणि तो पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडू नये. आलेखात आधी छोटी शिखरं येतात, त्यांतच एवनसीचं एक, आणि शेवटी ए-शून्यचं, म्हणजे साखर न चिकटलेल्या नेहमीच्या हिमोग्लोबिनचं, भलंमोठं शिखर. ए-शून्यच्या आधीचं पी-३ नावाचं शिखर नेहमीपेक्षा उंच असेल तर नमुना शिळा आहे. ए-शून्यच्या पुढे आणखी एक उंच शिखर उभं असेल तर हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार, एस किंवा डी, असण्याची शक्यता धरायची. आई-वडील दोघांकडून एस आलेला असेल तर शरीरात नेहमीचं ए हिमोग्लोबिनच नसतं. मग एचबीएवनसी छापण्यात अर्थ नाही. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) वापरायचं. ते दोन-तीन आठवड्यांची साखर सांगतात, पण लघवीतून भरपूर प्रथिनं जात असतील तर तेही खोटं कमी येतात. एचबीएवनसी ४ च्या खाली आला तर अभिनंदन करण्याआधी रक्तविघटन शोधायचं.

या आकड्याची भाकीत करण्याची ताकद नेमकी कुठे आहे, ते दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १४४१ जणांवर १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या डीसीसीटीमध्ये, सुरुवातीला डोळे चांगले असलेल्यांपैकी काटेकोर साखर ठेवणाऱ्या गटात पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या प्रकारावरच्या ब्रिटिश यूकेपीडीएसमध्ये एचबीएवनसी १ टक्क्याने कमी असण्याशी डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी असणं जोडलेलं आढळलं; हृदयविकाराचा झटका मात्र १४ टक्क्यांनीच. म्हणजे डोळा आणि किडनीसाठी हा आकडा जितका बोलका आहे, तितका हृदयासाठी नाही. डीसीसीटीतल्या माणसांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. दोन्ही गटांची साखर नंतर सारखी झाली, तरी आधी काटेकोर असलेल्यांना वर्षानुवर्षं कमी त्रास झाला. जुने रिपोर्ट फेकू नका असं आम्ही सांगतो ते यासाठी. आजचा ७ आणि दहा वर्षं ७ यांत फार फरक आहे. उलट, ११ वरून काही महिन्यांत ७ वर आणायचं ठरलं असेल तर आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. साखर फार झपाट्याने उतरली की आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो.

किडनीकडे येताना पहिली सूचना: नुसतं क्रिएटिनिन वाचू नका. ते स्नायूंतून येतं, त्यामुळे '१.०, नॉर्मल' या छापील शेऱ्यात माणूस कुठेच नसतो. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने १.० क्रिएटिनिन असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) साधारण १०४ येतो; सत्तर वर्षांच्या बाईचा ६१. तिचं क्रिएटिनिन १.१ झालं की ती ५४ वर येते, म्हणजे ६० च्या रेषेखाली. दशांशातला एक अंक, आणि रिपोर्टवर दोन्ही वेळा शेरा तोच. ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तरच दीर्घकालीन किडनीविकार म्हणायचं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या माणसाचा आकडा एकदाच पाहून शिक्का मारू नये.

यातही खाचा आहेत. ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक क्रिएटिनिनचा निचरा अडवतं. किडनी ठीक असून आकडा वाढतो. जाफे नावाच्या जुन्या पद्धतीत कीटोन वाढलेले असले की क्रिएटिनिन खोटं वाढू शकतं, त्यापेक्षा एन्झाइमची पद्धत भरवशाची. मधुमेहाच्या सुरुवातीला किडनी कधी कधी गरजेपेक्षा जास्त गाळते. १३० वरून ९० वर आलेला ईजीएफआर रिपोर्टवर 'नॉर्मल' असतो, प्रत्यक्षात तो तीस टक्क्यांनी उतरलेला असतो. म्हणून एका आकड्यापेक्षा उतार पाहायचा. वयाने साधारण वर्षाला १ च्या आसपास घट होते. सातत्याने वर्षाला ५ पेक्षा जास्त जात असेल तर ती वेगवान घसरण. मात्र टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या मधुमेहाच्या औषधांनीही ईजीएफआर आधी थोडा खाली जाऊन मग स्थिरावतो. घाबरून ही औषधं बंद करणं म्हणजे किडनी वाचवणारी गोष्टच काढून घेणं. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की बंद करायचं ते मेटफॉर्मिन.

फार कृश, अंथरुणाला खिळलेली, पाय कापावा लागलेली किंवा व्यायामशाळेत स्नायू कमावलेली व्यक्ती असेल तर सिस्टॅटिन-सी मागवावं. ते केंद्रक असलेल्या सगळ्याच पेशींतून येतं, स्नायूंवर अवलंबून नसतं. त्याला स्टेरॉइड, थायरॉइडचा बिघाड, लठ्ठपणा आणि धूम्रपान हलवतात. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन-सी दोन्ही घालून काढलेला ईजीएफआर एकेकट्यापेक्षा खऱ्याच्या जवळ असतो.

रक्ताबद्दल लिहिताना लघवी आणावीच लागते, कारण किडनीच्या रक्तातल्या आकड्याला जोडीदार लघवीतला आहे: अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर, एसीआर. सकाळची पहिली लघवी उत्तम. गुणोत्तर अशासाठी, की पाणी जास्त प्यायलेल्याची लघवी पातळ असते आणि नुसतं अल्ब्युमिन फसवतं. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० ही धोक्याची सुरुवात, ३०० च्या वर गंभीर. साध्या पट्टीवर प्रथिन 'निल' आलं म्हणजे झालं असं नाही. ३० ते ३०० च्या पट्ट्यातलं बरंचसं त्या पट्टीला दिसतच नाही. हा आकडा एकाच माणसात दिवसागणिक बराच हलतो. मासिक पाळी, ताप, जोराचा व्यायाम, चढलेला रक्तदाब, अनावर साखर, हृदय निकामी होणं या सगळ्यांनी वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यांतले दोन वाढलेले असतील तरच निदान.

ईजीएफआर आणि एसीआर एकत्र वाचले की चित्र पालटतं. ईजीएफआर ७५ पण एसीआर ३५० असलेला माणूस, ईजीएफआर ५० आणि एसीआर १० असलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. ओपीडीत मात्र दुसऱ्यालाच घाम फुटलेला असतो आणि पहिला निर्धास्त निघून जातो. किडनी निकामी होण्याचा दोन आणि पाच वर्षांचा धोका काढणारं केएफआरई हे सूत्र वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर या चारच गोष्टींवर चालतं. ते ईजीएफआर ६० च्या खाली गेलेल्यांसाठी आहे. चार साध्या गोष्टींवर ते इतकं चांगलं चालतं, म्हणूनच महागड्या नव्या चाचण्यांबद्दल आमचा उत्साह बेताचा असतो.

चरबीच्या रिपोर्टात मधुमेहींचा एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) बऱ्याचदा साधा दिसतो आणि तिथेच फसगत होते. बहुतेक ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. एकूण २००, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २५० असेल तर एलडीएल ११२ येतो. पण एकूणमधून नुसतं एचडीएल वजा केलं तर १६२ उरतात, आणि धमनीत रुतणारं सगळं कोलेस्टेरॉल या १६२ मध्ये आहे. या नॉन-एचडीएलचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर वरचं सूत्र वापरूच नये. अपोबी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) मिळत असेल तर आणखी चांगलं, कारण धमनीत रुतणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो. आकडा थेट कणांची संख्या सांगतो. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) आनुवंशिक असतं, आयुष्यात एकदा तपासलं की पुरे. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या गोष्टी जास्त कडकपणे सांभाळायच्या.

मधुमेहात हृदय निकामी होण्याची सुरुवात दम लागण्याआधी कित्येक वर्षं झालेली असू शकते. त्यासाठी एनटी-प्रोबीएनपी, हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ. लक्षणं नसताना १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा जास्त आलं तर पुढची पायरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. लठ्ठ माणसात हा आकडा खोटा कमी राहतो; वय, मंद किडनी आणि अनियमित ठोके तो वाढवतात. सॅक्युबिट्रिल हे हृदयाचं औषध चालू असेल तर बीएनपी ही जोडचाचणी मागवू नये, ते औषधानेच वाढतं. एनटी-प्रोबीएनपीला ती अडचण नाही.

यकृताचा अंदाज वेगळं रक्त न घेता निघतो. फिब-४ (यकृत किती निबर झालंय याचा अंदाज): वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट आणि एएलटीच्या वर्गमुळाचा गुणाकार; एएसटी-एएलटी ही यकृताची एन्झाइमं. वय ५५, एएसटी ४०, एएलटी ३६, प्लेटलेट २०० हजार असतील तर २२०० भागिले १२००, म्हणजे १.८३. १.३ च्या खाली निश्चिंत, २.६७ च्या वर तज्ज्ञाकडे, मधल्यांना फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी). पासष्टीनंतर खालची रेषा २.० धरतात. आता हाच नमुना नीट न हलवता ठेवला आणि प्लेटलेटचे पुंजके झाले तर यंत्र १५० मोजतं, आणि फिब-४ होतो २.४४. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून पाहिला तर पुंजके कडेला स्पष्ट दिसतात. असे दिसले की सायट्रेटच्या निळ्या नळीत पुन्हा रक्त घेऊन प्लेटलेट मोजायचे आणि येणारा आकडा १.१ ने गुणायचा, कारण त्या नळीत आधीच द्राव असतो.

एचएस-सीआरपीबद्दल (जास्त बारकाईने मोजलेलं सीआरपी) थोडक्यात: ३ च्या वर धोका जास्त, पण सर्दीनेही तो हलतो, आणि १० च्या वर असेल तर संसर्ग ओसरल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही. टीएनएफ रिसेप्टर १ आणि २, किम-१, जीडीएफ-१५ या प्रथिनांची नावं किडनीच्या भाकितासाठी संशोधनात वारंवार येतात आणि त्यांत दम आहे; पण ज्याचं एसीआर दोन वर्षांत एकदाही झालेलं नाही, त्याच्यासाठी ही यादी मागवणं उफराटं आहे. चाचणी लिहिताना आमचा प्रश्न एकच असतो: हा आकडा वाढलेला आला तर उद्या औषधात काय बदलणार? उत्तर नसेल तर रक्त वाया.

डोळ्याचा पडदा आणि पायाच्या नसा यांना रक्तातला पर्याय अजून नाही. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करून किंवा फोटो काढून, पाय तपासायचा तर १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (पायाला टोचून स्पर्श कळतो का ते पाहायचा नायलॉनचा धागा). रक्ताची मदत इतकीच, की वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ बघायचं. ते कमी निघालं तर सगळा दोष साखरेवर ढकलता येत नाही.

वेळापत्रक असं: औषध बदलत असेल तर एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा. ईजीएफआर आणि एसीआर दुसऱ्या प्रकारात निदानाच्या दिवसापासून वर्षाला एकदा, पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर. बिघाड दिसला की वर्षातून दोन ते चार वेळा. पुढचा आकडा शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. एचबीएवनसी ७.२ चा ७.४ झाला तर काहीही करायचं नाही, एवढी हालचाल मोजणीतच असते. अर्ध्या टक्क्याचा फरक दिसला तर विचार करायचा, आणि एसीआर ४५ चं ६० झालं तर औषध वाढवण्याआधी सकाळची लघवी पुन्हा मागवायची.